टॉम आणि जेरीतली ती बाई, जिला तोंड नव्हतं

ओवी_संध्याकाळची (धागाकर्ती)

लेकीला सर्दी झालीये, त्यामुळे रविवारी दोघी पांघरुणात बसून जुने टॉम आणि जेरी बघत होतो. सात वर्षांची आहे. टॉमने फुलदाणी फोडली, धप्प धप्प पावलं वाजत बाई आली, केरसुणी उगारली, "थॉमस!" म्हणून ओरडली. आणि लेक एकदम म्हणाली, "आई, ह्या बाईला तोंड का नाही?"

ही बाई मी शेकडो वेळा पाहिली असेल. जाडजूड पाय, घसरलेले मोजे, सपाता, ॲप्रन. तोंड नाही हे मला कधी जाणवलंच नव्हतं. मी ठोकून दिलं की मांजराच्या उंचीवरून एवढंच दिसतं. तिला पटलं, मला नाही पटलं. रात्री शोधायला बसले ते दोन वाजले.

सापडलं ते असं. पडद्यावर तिचं नाव कुणी घेत नाही, पण 'मॅमी टू शूज' म्हणून ती ओळखली जाते. १९४० च्या अगदी पहिल्या भागात (तेव्हा टॉमचं नाव जॅस्पर होतं!) ती आहे आणि १९५२ पर्यंत दीड डझनभर वेळा येते. आवाज लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा. 'मॅमी' म्हणजे अमेरिकेत गोऱ्यांच्या घरात राबणारी काळी दाई: लठ्ठ, तोंडाळ, मायाळू, स्वतःचं घरदार नसलेली. म्हणजे ठरीव साचाच. १९५२ नंतर ती गायब. पुढे साठच्या दशकात टीव्हीसाठी जुनी रिळं बाहेर काढली तेव्हा काही भागांत तिच्या जागी गोरी बाई चितारली आणि जून फोरेने आयरिश ढंगाचा आवाज दिला. नव्वदच्या दशकात पुन्हा काळी बाई आली, पण आवाज नवा, थिया विडालचा, आणि जुन्या बोलीचा हेल काढून टाकलेला.

एक बाई, तीन आवाज, दोन कातड्या, आणि तोंड एकदाही नाही. तुम्हाला कुठली आठवते? आणि तेव्हा ती कोण वाटायची?

---

खडूस पोपट

झालं. आता मांजर-उंदरातही वंशवाद शोधा. आमची अख्खी पिढी कार्टून नेटवर्कसमोर जेवली, त्यातून कुणी काळ्यांचा द्वेष करायला लागल्याचं ऐकिवात नाही. लेकीला दिलेलं पहिलं उत्तर उत्तम होतं, तिथेच थांबायचं होतं.

---

गवती चहा

मला ती मालकीण वाटायची! घर तिचं, फ्रीज तिचा, मांजर तिचं. आमच्या शेजारच्या गोडबोले काकू अशाच दिसायच्या आणि अशाच ओरडायच्या. मोलकरीण असेल हे डोक्यातही आलं नाही.

न्यू जर्सीत आल्यावर ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिची पणजी जॉर्जियात अशाच एका घरात कामाला होती, स्वयंपाकघराच्या दाराने आत यायची, असं सांगून तिने विषय बदलला.

---

रीळवाला

ओवीताई, एक दुरुस्ती. तोंड एकदा दिसतं. १९५० चा 'सॅटर्डे इव्हनिंग पुस' बघा. बाई शनिवारी रात्री नटूनथटून ब्रिज खेळायला जाते, इकडे टॉम मित्रांना बोलावून घरात धिंगाणा घालतो. जेरी तिला फोन करून कागाळी करतो आणि ती क्लबातून धावत घरी येते. कॅमेऱ्याच्या अंगावर धावत येताना निमिषभर चेहरा दिसून जातो. आणि नेमका हाच भाग टीव्हीसाठी करताना तिला काढून तिथे एक सडपातळ गोरी पोरगी घातली. म्हणजे जिथे चेहरा होता तीच पुसली.

गवती चहा म्हणतात तो वाद जुनाच आहे. ती मालकीण की मोलकरीण? काही भागांत ती स्वतःच्या घरासारखी वावरते, ब्रिज क्लबला जाते, दागिने घालते. पण चितारलीये मोलकरणीच्या साच्यातून. डिस्नेच्या १९३५ च्या 'थ्री ऑर्फन किटन्स'मध्ये अशीच बिनचेहऱ्याची काळी बाई आहे, मांजराच्या पिलांमागे धावणारी. टॉम-जेरी काढणाऱ्या हॅना-बार्बेरांनी साचा बाजारातून तयार उचलला. त्याच १९४० साली हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीसाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा साचा किती खपाऊ होता बघा.

पोपटराव, तुमच्यासाठी एक प्रश्न. टॉमच्या तोंडाशी सुरुंग फुटला की पुढे काय दिसतं?

---

खडूस पोपट

तोंड काळं होतं. काजळी. त्यात काय?

---

रीळवाला

नुसतं काळं नाही होत. ओठ जाड आणि फिके होतात, मिशांच्या किंवा केसांच्या वेण्या होऊन त्यांना फिती बांधल्यासारख्या दिसतात, डोळे मिचमिचतात. बारुदाने वेण्या घातल्या जात नाहीत. तो विनोद स्फोटाचा नाहीच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिन्स्ट्रेल शो म्हणून नाट्यप्रकार होता. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे आणि गुलाम कसा आळशी, बावळट, टरबूज-कोंबडीसाठी हपापलेला असतो याच्या नकला करायचे. १८३० च्या सुमारास थॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने 'जिम क्रो' नाचवून गावोगाव पैसा केला. पुढे काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या कायद्यांना त्याच पात्राचं नाव चिकटलं.

म्हणजे आपण हसत होतो, पण कशाला हसतोय ते ठाऊक नव्हतं. विनोद पोचला, पत्ता गळून पडला. तुम्ही द्वेष करायला शिकला नाहीत हे खरंच आहे. पण अटलांटात किंवा शिकागोत थिएटरात बसलेल्या एखाद्या काळ्या पोराला पत्ता बरोबर वाचता येत होता.

---

पाटीपेन्सिल

रीळवालांशी सहमत. मी चित्रकला शिकवते, म्हणून थोडं तंत्राचं.

जुन्या कार्टूनमधली सगळी पात्रं काळी का? फेलिक्स (मांजर) काळा, मिकी काळा, ऑस्वाल्ड (ससा) काळा. साधं कारण असं की शाईने भरलेला काळा आकार पांढऱ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो आणि पटापट काढता येतो. पण काळ्या अंगापुढे काळा हात आला की हात नाहीसा. मग मिकीला १९२९ मध्ये पांढरे हातमोजे मिळाले. आम्ही वर्गात इथपर्यंतच सांगायचो. पण मिन्स्ट्रेल नटांचा पोशाख बघा: काळं तोंड, मोठे डोळे, रुंद ओठ, पांढरे हातमोजे. तंत्राची गरज होती हे खरं, पण गरज भागवायला जी वस्तू सापडली ती त्या रंगमंचावर आधीपासून पडलेली होती. निकोलस सॅमंड नावाच्या अभ्यासकाने यावर २०१५ मध्ये अख्खा ग्रंथच लिहिलाय.

फेलिक्सचा जनक ऑटो मेस्मर त्याच्या आधी सॅमी जॉन्सिन नावाचं काळं पोर चितारायचा, तेही अशाच 'साम्बो' (काळ्या पोराचा ठरीव साचा) छापाचं. त्या पोराच्या हालचाली, खोड्या मांजरात उतरल्या. मांजर जगप्रसिद्ध झालं, पोर कुणाच्या लक्षात नाही.

---

रीळवाला

आणि बॉस्को! तो तर विसरून चालणारच नाही.

वॉर्नरच्या 'लूनी ट्यून्स'चा पहिला नायक बग्ज बनी नव्हे, बॉस्को. ह्यू हारमन आणि रुडॉल्फ आयझिंग या जोडीतल्या हारमनने १९२८ साली कॉपीराइट घेतला तेव्हा कागदावर चक्क 'नीग्रो मुलगा' असं वर्णन आहे. पहिल्या नमुना-फिल्ममध्ये तो दक्षिणेतल्या काळ्यांच्या बोलीची नक्कल करतो. मग १९३० पासून चित्रपटगृहात आला तो चिरक्या आवाजात बोलणारा, मिकीसारखा, धड माणूस नाही धड प्राणी नाही असा. लोक विचारायचे, हा आहे तरी कोण? माकड? उंदीर? निर्मात्यांनाही ते संदिग्धच सोयीचं असावं. पुढे दोघं एमजीएम स्टुडिओकडे गेले आणि १९३७-३८ च्या शेवटच्या भागांत मात्र बॉस्को स्वच्छपणे एक काळं पोर झाला. त्या भागांत त्याची बिस्किटं पळवणारे बेडूक आहेत आणि ते सगळे काळ्या जाझ कलावंतांची व्यंगचित्रं आहेत. चित्रकाम इतकं सुरेख की डोळे निवतात आणि त्याच वेळी मान खाली जाते.

खरं तर ही रेघ अगदी उगमापासून आहे. अमेरिकन चलतचित्रांच्या पहिल्या पिढीतल्या जे. स्टुअर्ट ब्लॅकटनच्या १९०७ च्या एका फिल्ममध्ये तो फळ्यावर दोन शब्द लिहितो, एक काळ्यांसाठीची शिवी आणि दुसरं कोहेन हे ज्यू आडनाव, आणि अक्षरांतूनच दोन व्यंगचेहरे काढतो. बघणाऱ्यांनी टाळ्या पिटल्या असणार.

---

आटपाट

फक्त काळेच नाहीत हे बरं झालं कुणीतरी म्हटलं. डिस्नेच्या १९३३ च्या 'तीन डुकरं'मध्ये लांडगा दारात येतो तो ज्यू फेरीवाल्याचा वेष घेऊन: लांब नाक, दाढी, तशीच बोली. ऑस्कर मिळालेली फिल्म आहे ती. पुढे १९४८ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना तेवढा तुकडा नव्याने चितारला. युद्धकाळात तर विचारूच नका. बग्ज बनी जपान्यांना बाँब असलेलं आईस्क्रीम वाटतो, १९४४. आज बघवत नाही.

स्पीडी गोन्झालेसचं प्रकरण उलट गमतीचं. १९९९ मध्ये कार्टून नेटवर्कने त्याला मेक्सिकन लोकांची चेष्टा म्हणून बंद केलं, तर लॅटिनो मंडळींनीच मोहीम चालवली की आमचा उंदीर परत द्या, आणि २००२ मध्ये तो परत आला. तो हुशार आहे, चपळ आहे, मांजराला गंडवतो. आळशी ते त्याचे मित्र. म्हणजे नायक मिळाला की लोक बरंच पोटात घालतात.

---

खडूस पोपट

हेच मी म्हणतोय. ज्यांची चेष्टा त्यांनाच आवडतंय, मग आपण न्यू जर्सीत आणि पुण्यात बसून कशाला गळे काढायचे?

---

गवती चहा

पोपटदादा, त्यांनी परत मागितलं तेव्हा तो परत मिळाला, हा मुद्दा आहे ना. विचारलं कुणाला? मॅमीच्या बाबतीत कुणी विचारलं?

मी फ्लायशर बंधूंवर थोडं वाचलं. मॅक्स आणि डेव्ह, ज्यू घरातले, न्यूयॉर्कचे. बेटी बूप त्यांची. त्यांच्याकडे डिस्नेसारखं गोडगोड काही नव्हतं, शहराचा कळकट वास होता आणि जाझ होतं. १९३२ च्या 'मिनी द मूचर'मध्ये सुरुवातीला काळा जाझ गायक कॅब कॅलोवे प्रत्यक्ष दिसतो, ऑर्केस्ट्रापुढे नाचताना. नंतर गुहेत एक भुताटकी वॉलरस तेच गाणं गातो आणि त्याचा नाच म्हणजे कॅलोवेचाच नाच, रोटोस्कोपने (जिवंत माणसाचं चित्रण करून त्यावरून एकेक चौकट गिरवायची, हे मॅक्सचंच पेटंट) उतरवलेला. अंग कॅलोवेचं, तोंड वॉलरसचं. मोह पडतो असं आहे.

त्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँगला घेऊन केलेली दुसरी फिल्म. त्यात आर्मस्ट्राँगचं नुसतं मुंडकं आकाशात तरंगत कोको (विदूषक) आणि बिम्बो (कुत्रा) यांच्या मागे लागतं, आणि खाली पळणारा नरभक्षक आणि ते मुंडकं एकमेकांत मिसळत राहतात. जगातला एवढा मोठा वादक आणि त्याला नरभक्षकाच्या धडावर बसवला. आणि आवाज? आवाज ऐकून अंगावर काटा येतो अजून. माझ्याकडे यावर 'हे वाईट' किंवा 'हे छान' असं एका शब्दातलं उत्तर नाही.

---

ओवी_संध्याकाळची

बेटी बूपवरून: तिचा 'बूप-ऊप-अ-डूप' आवाज आपला आहे म्हणून हेलन केन या गोऱ्या गायिकेने १९३२ मध्ये अडीच लाख डॉलरचा दावा लावला होता. खटल्यात साक्ष झाली की ही लकब केनच्या आधी बेबी एस्थर नावाची काळी मुलगी न्यूयॉर्कच्या क्लबात गात होती आणि केनने ती ऐकली होती. १९३४ मध्ये केन हरली. फ्लायशर सुटले. एस्थरला मिळालं काहीच नाही. तिच्या गाण्याचा उपयोग झाला तो दोन गोऱ्या पक्षांचं भांडण मिटवायला.

धाग्याच्या नावात 'जिला तोंड नव्हतं' लिहिलं तेव्हा माहीत नव्हतं की असं प्रकरण पदोपदी निघेल. डम्बो (१९४१) आठवतोय? पावसात सर्कशीचा तंबू उभारणारे काळे मजूर. गाणं म्हणतात, घण घालतात. त्यांनाही तोंडं नाहीत. एकालाही नाही. हत्तींना आहेत.

---

पाटीपेन्सिल

बाप रे. हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता उठून बघितलं. खरंच नाहीत.

आणि त्याच डम्बोतले कावळे. म्होरक्याचं नाव पटकथेत 'जिम क्रो', आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्याचा. बाकीचे कावळे मात्र काळे कलाकार, हॉल जॉन्सनच्या गायकवृंदातले. पण खरं सांगू, आई आणि टिमोथी उंदीर सोडले तर अख्ख्या सिनेमात डम्बोशी माणुसकीने वागणारे तेवढेच. वर्गात यावर मुलांचं भांडण लागतं दरवर्षी आणि मी लागू देते.

---

रीळवाला

आता मूळ मुद्द्याकडे, तो माझ्या मते कुणी नीट मांडत नाही.

एनएएसीपी ही कृष्णवर्णीयांची जुनी संघटना चाळीसच्या दशकात स्टुडिओंना पत्रं पाठवू लागली. १९४३ मध्ये बॉब क्लॅम्पेटच्या 'कोल ब्लॅक'विरुद्ध. स्नो व्हाईटचं हे काळं विडंबन. आवाज व्हिव्हियन डँड्रिजचा, चित्रकारांना वातावरण कळावं म्हणून क्लॅम्पेट त्यांना लॉस एंजेलिसच्या क्लब अलाबाममध्ये घेऊन गेला होता. संगीत, वेग, संकलन अफाट. चेहरे मात्र तेच मिन्स्ट्रेलचे, जुगाराच्या फाशांसारखे दात. मग १९४८ मध्ये वॉल्टर लँट्झच्या 'स्क्रब मी ममा'विरुद्ध तक्रार झाली, १९४९ मध्ये युनिव्हर्सलने ती फिल्म मागे घेतली. आणि १९६८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सने वॉर्नरचे अकरा भाग टीव्हीवरून कायमचे उतरवले. 'सेन्सॉर्ड इलेव्हन' म्हणतात ते हेच.

संघटनेची मागणी काय होती? आम्हाला माणसांसारखं काढा. स्टुडिओंनी काय केलं? काढणंच सोडून दिलं. सुधारण्यापेक्षा पुसणं स्वस्त पडतं. १९५२ नंतरच्या अमेरिकन कार्टूनमध्ये काळा माणूस शोधून दाखवा. शहर आहे, रस्ता आहे, शाळा आहे, काळं माणूस नाही. ही पोकळी पंधरा-वीस वर्षं टिकली. शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये काळी पात्रं नीट यायला १९६९-७० उजाडलं, 'जोसी'च्या गाण्याच्या चमूतली व्हॅलरी वगैरे. 'फॅट अल्बर्ट' तर १९७२.

लिलियन रँडॉल्फचं काय झालं म्हणाल तर ती रेडिओवर आणि सिनेमात आधीपासून नावाजलेली होती, तिथेही बहुतेक मोलकरीणच. साचा गेला आणि साच्यातली नोकरीही गेली. कार्टूनमध्ये नवी भूमिका कुणी लिहिली नाही. त्या काळच्या काळ्या नटनट्यांचा एनएएसीपीवर राग होता तो यामुळेच, आणि मला दोन्ही बाजू पटतात.

अपवाद एक सांगतो. जॉर्ज पाल नावाचा हंगेरियन माणूस लाकडी बाहुल्यांच्या फिल्म करायचा. त्याचा 'जॅस्पर' हा काळा पोरगा, टरबूज वगैरे सगळं. टीका झाली. तर पालने १९४६ मध्ये काळ्यांच्या लोककथेतला रेल्वेमजूर जॉन हेन्री घेऊन फिल्म केली, निवेदन रेक्स इंग्राम या कृष्णवर्णीय नटाचं. यंत्राशी पैज लावून घण घालणारा वीर. म्हणजे ठरवलं तर जमत होतं.

---

गवती चहा

कॅमेऱ्यामागेही बघा की. डिस्नेने १९३८ मध्ये एका मुलीला पाठवलेलं नकाराचं पत्र प्रसिद्ध आहे: पडद्यासाठी चित्रं तयार करण्याचं सर्जनशील काम बायका करत नाहीत, ते तरुण पुरुष करतात. बायकांना काम एकच, सेलवर (पारदर्शक पत्र्यांवर) शाई गिरवायची आणि रंग भरायचे. दुसरीकडे बर्लिनमध्ये लोटे रायनिगरने कात्रीने कापलेल्या सावल्यांची पूर्ण लांबीची फिल्म १९२६ मध्येच केलेली होती!

'बॅम्बी'चं जंगल आठवतं? ते धुकं, ते मऊ हिरवं? ती दृष्टी टायरस वाँगची. चिनी मुलगा, १९२० मध्ये बापाबरोबर खोट्या नावाच्या कागदांवर अमेरिकेत आला, कारण चिनी लोकांना येऊ न देण्याचा कायदाच होता. सुंग काळातल्या निसर्गचित्रांच्या वळणाने त्याने पार्श्वभूमी काढल्या. १९४१ चा डिस्नेमधला संप झाला, हा संपात नव्हता तरी त्यानंतर काढून टाकलं. श्रेयनामावलीत नाव आलं ते नुसतं पार्श्वभूमी-चित्रकारांच्या रांगेत. १०६ वर्षं जगला, २०१६ मध्ये गेला. शेवटी शेवटी मान मिळाला.

---

पाटीपेन्सिल

फ्लॉइड नॉर्मन राहिले. डिस्नेत कायम नोकरीत घेतलेले पहिले कृष्णवर्णीय चित्रकार, १९५६. 'जंगल बुक'च्या कथाविभागात होते. गंमत म्हणजे वॉल्ट डिस्नेवर वंशवादाचा आरोप झाला की तेच पुढे होऊन म्हणतात की मला तसा अनुभव नाही. म्हातारबुवा हसत हसत सांगतात, ऐकण्यासारखं आहे.

---

खडूस पोपट

बरं. मान्य, वेण्यांचं माहीत नव्हतं. पण मग आपण कुठे आहोत या सगळ्यात? काळे, चिनी, मेक्सिकन, ज्यू. भारतीयांना कुणी हसलं पण नाही का?

---

आटपाट

हाजी! 'जॉनी क्वेस्ट' मालिका, १९६४, तेच हॅना-बार्बेरा. पोरगं कलकत्त्याचं, नाव हाजी, डोक्याला शिखासारखा फेटा, त्यावर लाल खडा, अंगात नेहरू जाकीट, तोंडी मंत्र 'सिम सिम सलाबिम'. म्हणजे अर्ध्या आशियाची मिसळ एका ताटलीत. दोरी हवेत उभी करतो, माणसं तरंगवतो. तरीही सांगतो, लहानपणी मला तो जॉनीपेक्षा आवडायचा. जॉनीच्या वडलांचा, डॉक्टर क्वेस्टचा, जीव वाचवतो म्हणून ते त्याला दत्तक घेतात आणि पुढे दोन्ही पोरांना घरात सारखीच वागणूक. १९६४ च्या मानाने थोडं नाही.

---

परळचा गणू

मी वाचनमात्र असतो पण आता राहवत नाही. साम्बो शब्द वर आला. तो साम्बो आपला आहे हो!

हेलन बॅनरमन नावाची स्कॉटिश बाई, नवरा इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये डॉक्टर. मद्रासकडे राहत असताना तिने मुलींसाठी गोष्ट लिहिली, चित्रं स्वतः काढली, १८९९ मध्ये लंडनला छापली. एक पोरगा, नवा लाल कोट, हिरवी छत्री. वाघ एकेक करून सगळं काढून घेतात, मग आपसात भांडून झाडाभोवती इतके पळतात की वितळतात. वितळून काय होतं? तूप! पुस्तकात 'घी' असंच छापलंय. बाप पितळी भांड्यात भरून आणतो, आई त्यात धिरडी तळते, पोरगा १६९ खातो. आता वाघ आणि तूप आफ्रिकेत कुठे असतात का? गोष्ट सरळसरळ हिंदुस्थानातली.

बाईने हक्क पाच पौंडात विकून टाकले होते. अमेरिकेत ज्याने त्याने आपापली चित्रं लावून छापलं आणि पोरगा तिकडचा गुलाम-छापाचा झाला. १९३५ मध्ये अब आयवर्क्सने (मिकी ज्याने पहिल्यांदा चितारला तोच) कार्टून केलं. त्यात आई चक्क मॅमी, आणि पोराला बजावते की सांभाळ, वाघाला काळं मांस आवडतं. तूप गेलं, मद्रास गेलं. बाईची स्वतःची चित्रंसुद्धा काही फार सभ्य नाहीत हं, डोळे वटारलेले, ओठ लालभडक. पण निदान तुपाचा वास तरी होता.

आता परळ कुठे आलं? तिचा नवरा डॉ. बॅनरमन प्लेगच्या लशीवर काम करायचा. हाफकिननंतर परळच्या प्लेग प्रयोगशाळेचा प्रमुख तोच झाला, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा. त्या भिंतीवरून मी वीस वर्षं कामाला जातोय.

---

पाटीपेन्सिल

गणूभाऊ, वाचनमात्र राहू नका. हे मला अजिबात माहीत नव्हतं!

१९९६ मध्ये तीच गोष्ट हिंदुस्थानी नावं आणि चित्रं घालून अमेरिकेत परत छापली गेली, पोराचं नाव बाबाजी. बायका-पुरुषांचे कपडेही इकडचे. चेहऱ्याला स्वतःचं गाव परत मिळाल्यासारखं वाटतं ते बघताना.

आपल्याकडचं एक सांगते. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला तेव्हा शिकवायला आले क्लेअर वीक्स, डिस्नेचे चित्रकार. मिशनऱ्यांच्या घरात, हिंदुस्थानातच जन्मलेले. त्या विभागाची १९५७ ची 'द बनियन डीअर' बघा. जातककथा आहे आणि माणसं, हरणं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वळणाची. डिस्नेकडून हालचाल घेतली, चेहरे घेतले नाहीत. आणि विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता', १९७४. 'एक चिडिया' म्हटलं की पन्नाशीच्या माणसालाही अजून पुढची ओळ येते.

---

खडूस पोपट

ते पाठ आहे.

पण एक विचारतो. आता त्या अकरा फिल्मांचं करायचं काय? जाळायच्या? २०१३ मध्ये टॉम-जेरीच्या डीव्हीडी संचातून दोन भाग गाळले तर पब्लिक एवढं भडकलं की अख्खा संचच निघाला नाही, एवढं मलाही माहीत आहे.

---

रीळवाला

जाळायच्या कशाला? वॉर्नरने जुने संच काढताना सुरुवातीला सूचना घातली आहे: हे पूर्वग्रह तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत, पण ते नव्हतेच असं दाखवणं हे त्याहून वाईट. एका संचात तर हे सांगायला व्हूपी गोल्डबर्ग ही कृष्णवर्णीय अभिनेत्री स्वतः उभी राहते. २०१० मध्ये हॉलिवूडच्या एका चित्रपट महोत्सवात त्या अकरातल्या आठ मोठ्या पडद्यावर दाखवल्या. मला हेच बरं वाटतं. सात वर्षांच्या पोरीला एकटीला लावून द्यायच्या नाहीत, पण कुलूपही नको. मी आयुष्यभर चौकटीवर चौकट काढली आहे. त्या लोकांचा हात किती तयार होता ते मला दिसतं आणि त्या हाताने काय काढलं तेही दिसतं. एक झाकून दुसरं बघता येत नाही.

---

ओवी_संध्याकाळची

सगळ्यांचे आभार, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. लेकीला काल सांगितलं की मांजराच्या उंचीचं कारण अर्धंच होतं. काढणाऱ्यांना त्या बाईचं तोंड काढायची गरज वाटली नाही, असं म्हटलं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग तिचा आवाज कुणी काढला?" लिलियन रँडॉल्फचा फोटो दाखवला. "ही तर बारीक आहे!" एवढंच बोलली आणि खेळायला गेली.

---

खडूस पोपट

तो ब्रिज क्लबवाला भाग कुठला म्हणालात?

---

रीळवाला

'सॅटर्डे इव्हनिंग पुस'. मूळ प्रत बघा, गोऱ्या पोरीची नको. ती क्लबातून निघाली की बोट पॉजवर ठेवा, फार वेळ मिळत नाही.